डोळ्यांचा काय दोष?

मे महिन्यातील एका संध्याकाळी नातवाला घेऊन समुद्रावर गेलो होतो. रविवारी आमच्या वसईच्या किनाऱ्यावर फार गर्दी असते, म्हणून मुद्दाम मधला वार निवडला. सूर्य पाण्याला टेकायला आला होता. नातू नुकताच दहावीत गेलेला, सुट्टीतले वर्ग सुरू झालेले, त्यामुळे अंगात विज्ञान संचारलेले. तो म्हणाला, "आजोबा, हा सूर्य कधीच बुडालाय. आपल्याला नुसता दिसतोय."

मी म्हटले, "अरे, समोर तर आहे!"

"नाही. अपवर्तन."

आमच्या वेळी याला वक्रीभवन म्हणत. नाव बदलले, सूर्य तोच आहे. मग त्याने मला नीट समजावून दिले. वातावरणातून येताना प्रकाशाचा किरण वाकतो. क्षितिजापाशी हे वाकणे इतके असते की सूर्य त्याच्या खऱ्या जागेपेक्षा स्वतःच्या संपूर्ण थाळीएवढा, किंबहुना किंचित जास्तच, वर दिसतो. म्हणजे थाळीची खालची कड पाण्याला टेकलेली आपण पाहतो, तेव्हा अख्खा सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. शिवाय आपल्यापर्यंत आलेला प्रकाश सुमारे 8 मिनिटांपूर्वी तेथून निघालेला. थोडक्यात, आम्ही दोघे वाळूत बसून तेथे नसलेल्या सूर्याकडे पाहत होतो.

"म्हणजे डोळे खोटं बोलतात," त्याने निकाल देऊन टाकला आणि शेंगदाण्याची पुडी उघडली.

मी गप्प बसलो. त्याला वाटले, आजोबा हरले. खरे म्हणजे मला त्याच्याच वयाचा दुसरा एक मुलगा आठवला होता. त्या मुलाच्या बाबतीत मी माझ्या डोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवला होता, आणि सुमारे 40 वर्षांनंतरही तो प्रसंग सांगणे मला जड जाते. तो पुढे सांगतोच. पण आधी नातवाचा निकाल. तो मला मान्य नव्हता, आणि का मान्य नव्हता हे मात्र त्या संध्याकाळी मला सांगता आले नाही. गेले काही आठवडे मी तेच शोधतो आहे.

वाचकहो, आपण सहज म्हणून जातो, दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. म्हण चांगली आहे, पण तिच्यात सगळा ठपका 'दिसण्या'वर ठेवलेला आहे. भर दुपारी मुंबई-अहमदाबाद महामार्गाने गेलेल्या प्रत्येकाने पुढे रस्त्यावर पाणी साचलेले पाहिले असेल. जवळ जावे तर डांबर कोरडे ठणठणीत. रस्त्यालगतची हवा तापून विरळ होते, आकाशाकडून खाली येणारा प्रकाश तिच्यातून पुन्हा वर वळतो आणि आपल्याला रस्त्यावर आकाशाचा एक तुकडा दिसतो. या मृगजळाचा चक्क फोटो काढता येतो. म्हणजे तो प्रकाश खरोखरच त्या दिशेने आलेला असतो, डोळ्यांनी काही बनवाबनवी केलेली नसते. 'पाणी' हा शब्द डोळ्यांनी उच्चारलेलाच नसतो. तो आपण उच्चारतो.

उगवत्या पौर्णिमेच्या चंद्राची गोष्ट वेगळी. झाडांच्या मागून वर येताना तो परातीएवढा वाटतो आणि मध्यरात्री डोक्यावर आला की लहान होतो. पुष्कळांना वाटते की हवेमुळे तो मोठा दिसतो. तसे नाही. हात लांब करून त्याच्यासमोर एक वाटाणा धरून पाहा, दोन्ही वेळा तेवढाच वाटाणा त्याला झाकतो. कॅमेऱ्यालाही तो दोन्ही वेळा सारखाच दिसतो. येथे भ्रम हवेतही नाही आणि काचेतही नाही, तो आपल्या पाहण्यात आहे.

ज्यांनी या प्रश्नाचा फार पूर्वी छडा लावला, त्यांत आपले संत ऑगस्टीन आहेत. 386 साली, बाप्तिस्मा घेण्याच्या आधीच्या वर्षी, ते मिलानजवळ एका मित्राच्या घरी राहत होते. त्या काळात काही विद्वान म्हणत की माणसाला खात्रीने काहीच कळू शकत नाही, कारण इंद्रिये फसवतात. पुरावा म्हणून ते नावेच्या वल्ह्याचे उदाहरण देत: सरळ वल्हे पाण्यात बुडवले की मोडल्यासारखे दिसते. पाचूबंदरच्या आपल्या कोळी बांधवांनी हे रोज पाहिले आहे आणि त्यामुळे कोणी वल्हे सुताराकडे नेलेले ऐकिवात नाही. ऑगस्टीन यांचे उत्तरही असेच व्यवहारी होते. त्यांचे म्हणणे असे की पाण्यातले वल्हे वाकडेच दिसायला हवे, तसे दिसण्याला कारण आहे. पाण्यात असूनही ते सरळ दिसले असते, तर मात्र डोळ्यांनी चुकीची साक्ष दिली असे म्हणावे लागले असते. 'मला असे दिसते' येथवर माणूस चुकत नाही. 'म्हणून ते तसेच आहे' असे तो म्हणतो, तेथे पाऊल घसरते.

हे त्यांना अनुभवाने कळले होते, हे विसरू नये. तरुणपणी सुमारे नऊ वर्षे ते मानी पंथाच्या मागे होते. त्या पंथातील फाउस्टस नावाच्या नामांकित वक्त्याची त्यांनी मोठ्या आशेने वाट पाहिली. तो आला, फार गोड बोलला, आणि ऑगस्टीन यांच्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. आपल्या 'कबुलीजबाबा'त ते या भेटीविषयी लिहितात, आणि त्यातला समतोल मला फार आवडतो. सुंदर शब्दांत सांगितले म्हणून काही खरे ठरत नाही, हे तर आहेच, पण ओबडधोबड शब्दांत सांगितले म्हणूनही ते खरे ठरत नाही. पौष्टिक अन्न साध्या ताटातही असू शकते आणि चांदीच्या ताटातही.

हे वाचताना मला आपली सुकेळी आठवली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, तपकिरी, सुरकुतलेली. एकदा मुंबईच्या पाहुण्यांना दिली तर त्यांनी ती शिळी समजून हळूच बाजूला सारली आणि बाजारातली पिवळीधमक केळी खाल्ली. आपल्याला त्यांचे हसू येते. पण केळ्यांच्या बाबतीत शहाणी असलेली माणसे माणसांच्या बाबतीतही शहाणी असतात असे नाही.

आपण या देशात वाढलो, त्यामुळे दोरी आणि सापाचा दृष्टान्त आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. अंधारात दोरी पाहिली, साप वाटला, घाम फुटला, दिवा आणला, साप गेला. शंकराचार्यांच्या वेदान्तात हा दृष्टान्त जगाच्या स्वरूपाबद्दल येतो. आपली ख्रिस्ती श्रद्धा त्या निष्कर्षाला जात नाही, कारण आपण जग हे परमेश्वराची चांगली निर्मिती मानतो, नुसता भास मानत नाही. पण त्या आचार्यपरंपरेतील एक भेद मात्र आपणही शिकण्याजोगा आहे. काही भ्रम ज्ञान होताच नाहीसे होतात, सापासारखे. काही भ्रम ज्ञान झाल्यावरही दिसतच राहतात. स्फटिकाशेजारी जास्वंदीचे लाल फूल ठेवले की स्फटिक लाल दिसतो. तो लाल नाही हे पक्के ठाऊक असले, तरी फूल तेथे आहे तोवर तो लालच दिसणार.

हा दुसरा प्रकार घरीच पाहायचा असेल तर कागदावर 5 सेंटिमीटरच्या दोन रेषा काढा. एकीच्या दोन्ही टोकांना बाणासारखी, आत वळलेली पिसे काढा, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडणारी. दुसरी रेषा लांब दिसेल. म्युलर-लायर नावाच्या जर्मन अभ्यासकाने 1889 साली ही आकृती प्रसिद्ध केली. पट्टीने मोजा, सारख्याच आहेत. आता पुन्हा पाहा. दुसरी अजूनही लांबच दिसते. मी शिक्षक असताना फळ्यावर ही आकृती काढून मुलांना गंमत दाखवत असे आणि मुले पुन्हा पुन्हा पट्टी लावत. गंमत म्हणूनच दाखवत होतो. तिच्यात माझ्यासाठी काही आहे, असे तेव्हा वाटले नव्हते.

काही वर्षांपूर्वी यात्रेकरूंच्या एका गटाबरोबर रोमला जाण्याचा योग आला. तेथे संत इग्नेशियस यांच्या नावाचे येशूसंघाचे एक भव्य चर्च आहे. आत गेलो आणि वेदीच्या दिशेने वर पाहिले, तर उंचच उंच घुमट. ओळीने खांब, कमानी, वरून झिरपणारा उजेड. आमच्यातल्या एका बाईंनी तर हातच जोडले. मार्गदर्शकाने आम्हांला फरशीत बसवलेल्या एका खुणेवर उभे केले आणि सांगितले की आता नजर वर ठेवून सावकाश पुढे चालत या. थोडी पावले गेलो नाही तोच घुमट कलायला लागला. खांब तिरके झाले, उंची आटली. आणखी पुढे गेल्यावर डोक्यावर घुमट नव्हताच. होते ते सपाट कापडावरचे एक काळपट चित्र.

अँड्रिया पोझो नावाच्या येशूसंघीय ब्रदरांनी ते 1685 साली रंगवले. ते धर्मगुरू नव्हते, संघातले साधे ब्रदर होते. तेथे घुमट व्हायचा होता, तो बांधला गेला नाही, आणि त्या रिकाम्या जागेत ब्रदरांनी आपल्या कुंचल्याने घुमट उभा केला. त्याच चर्चच्या मुख्य दालनाचे छतही त्यांनीच रंगवले आहे. खालून पाहिले तर वाटते, छत उडून गेले आहे आणि इमारत थेट स्वर्गापर्यंत चढली आहे. त्या काळच्या काही वास्तुकारांनी त्यांच्या घुमटावर आक्षेप घेतला होता की चित्रातले पुढे आलेले खांब नुसत्या भिंतीतल्या टेकूंवर ठेवले आहेत, असे कोणी बांधकाम करीत नाही. पोझोंनी आपल्या ग्रंथात यावर एका चित्रकार मित्राचे उत्तर नोंदवले आहे: खांबांच्या भाराने हे काम कधी कोसळलेच, तर दुरुस्तीचा खर्च मी देईन.

मला हसू आले, पण मनात एक प्रश्नही राहिला. देवाच्या घरात खोटा घुमट? मग हे खोटे बोलणे नव्हे काय?

याचेही उत्तर ऑगस्टीन यांच्याकडेच आहे. सुमारे 395 साली त्यांनी खोटे बोलण्यावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते खोटेपणा शब्दांत नसून मनात असतो. मनात एक आणि जिभेवर दुसरे, आणि तेही समोरच्याला फसवण्यासाठी, म्हणजे खोटे. पोझोंच्या घुमटापाशी उभे राहण्याची जागा फरशीत सर्वांसमक्ष दाखवलेली आहे, आणि पुढे चालत जायला कोणी अडवत नाही. फसवणाऱ्याचे तसे नसते. तो आपल्याला एकाच जागी उभे करतो आणि तेथून हलू देत नाही. 2024 साली 'डिजिटल अरेस्ट' हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला, त्यातली युक्ती हीच होती. पडद्यावर गणवेश घातलेला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी खोली, आणि सक्त ताकीद की फोन बंद करायचा नाही, मुलाला विचारायचे नाही, शेजाऱ्याला सांगायचे नाही. आपल्या कायद्यात अशी अटक मुळात नाहीच. शेजाऱ्याला विचारायला चार पावले टाकली असती तर तो घुमट कोसळला असता, म्हणून तर पावले टाकू द्यायची नसतात. अशा रीतीने लुबाडल्या गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना आपण वर मूर्ख म्हणतो, हे मला पटत नाही. इसहाक काही मूर्ख नव्हता. आंधळ्या इसहाकापुढे याकोब थोरल्या भावाचे कपडे घालून आणि हातांवर करडांची कातडी गुंडाळून उभा राहिला, तेव्हा म्हाताऱ्याच्या कानांनी त्याला बरोबर सांगितले होते की आवाज याकोबाचा आहे. पण हाताला केस लागले, नाकाला एसावच्या कपड्यांचा वास आला, आणि बापाने कानांची साक्ष बाजूला ठेवली. माणूस फसतो तेव्हा बहुधा एखादी साक्ष त्याच्यापाशी असतेच, ती ऐकली जात नाही एवढेच.

त्याच ग्रंथात ऑगस्टीन आणखी एक गोष्ट म्हणतात, आणि ती मला बोचते. जो चुकीचे बोलतो पण ते खरे आहे असे मनापासून मानतो, तो खोटारडा नव्हे. तरीही तो निर्दोष असतोच असे नाही, कारण जे आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक आहे असे समजणे हाही दोषच आहे.

रविवारी मिस्सेच्या वेळी धर्मगुरू ख्रिस्तशरीर उंचावतात तेव्हा आपल्या डोळ्यांना काय दिसते? भाकरच दिसते. आमच्या नातवानेच लहानपणी विचारले होते की मग ही फसवणूक नाही का? प्रश्न जुना आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न स्वतःला विचारला आणि उत्तर दिले की नाही, येथे फसवणूक नाही. रंग, चव, आकार जे इंद्रियांना जाणवतात ते तेथे खरोखरच आहेत, इंद्रिये आपले काम चोख करतात. ते काय आहे, हे ठरवणे इंद्रियांचे काम नव्हे, बुद्धीचे आहे, आणि बुद्धीला त्या बाबतीत श्रद्धा सांभाळते. मला यात विशेष वाटते ते असे की या थोर संताने श्रद्धेची बाजू घेताना डोळ्यांना खोटे ठरवले नाही. आपण दर रविवारी, दिसते त्यापलीकडे काही आहे, असे मानून गुडघे टेकतो. आणि चर्चच्या पायऱ्या उतरताच कोणाची साडी कशी, कोण मागे उभा होता, कोणाच्या तोंडाला वास येत होता, यावरून माणसांचे हिशेब मांडायला लागतो. मी माझ्याविषयीच बोलतो आहे.

शमुवेल संदेष्टा इशायच्या घरी नवा राजा शोधायला गेला, ती कथा आपण अनेकदा ऐकली आहे. थोरला अलियाब उंचापुरा दिसला आणि शमुवेलाला वाटले, हाच. वास्तविक शौल राजाही सर्व लोकांपेक्षा खांदाभर उंच होता आणि त्याचे काय झाले ते शमुवेलाने डोळ्यांनी पाहिले होते. तरी पुन्हा उंचीच पाहिली. परमेश्वराने त्याला थांबवले. या कथेवरून आपण झटकन असा धडा काढतो की दिसायला चांगला तो आतून पोकळ आणि दिसायला साधा तो गुणी. पण त्याच अध्यायात थोडे पुढे वाचा: दावीद आला तेव्हा तो देखणा होता, त्याचे डोळे सुंदर होते, असे पवित्र शास्त्रच नोंदवते. म्हणजे दिसण्याच्या उलट धरून चालणे, हाही एक आळसच झाला.

आता तो मुलगा.

1986 साल. मी एका शाळेत नववीचा वर्गशिक्षक होतो. राणीच्या बागेत सहल न्यायची होती. 15 रुपयांप्रमाणे 22 मुलांचे 330 रुपये जमले होते, ते मी पाकिटात घालून मेजाच्या खणात ठेवले. मधल्या सुट्टीनंतर पाकीट दिसेना. मी कोणाला काही न बोलता वर्गावरून नजर फिरवली. शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगा बसत असे. वडील गिरणीत होते, 1982 च्या संपानंतर घरी बसलेले. वर्षभर तो झिजलेल्या रबरी चपला घालून येई, एका पट्ट्याला तार गुंडाळलेली. त्या दिवशी त्याच्या पायांत तपकिरी चामड्याच्या नव्या चपला होत्या.

मी त्याला उभे केले. "चपला कुठून आणल्यास?"

तो काही बोलला नाही.

"कोणी दिल्या?"

मान खाली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि बोटे चड्डीच्या शिवणीवर फिरत होती. मला आणखी पुरावा नको होता. मी 46 मुलांसमोर म्हणालो, "चोरी केलीस ती केलीस, आता खोटं तरी बोलू नकोस." त्याने एक शब्दही उच्चारलेला नव्हता, हे माझ्या फार नंतर लक्षात आले. मी त्याला वर्गाबाहेर उभे केले.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. व्हरांड्यात, अगदी हळू आवाजात तिने सांगितले की चपला चर्चमधल्या मदत करणाऱ्या मंडळींनी दिल्या आहेत. "कोणाला सांगू नकोस असं त्याला मीच बजावलं होतं, सर. ह्यांना कळलं तर परत करायला लावतील. ह्यांना मी सांगितलंय, माझ्या भावानं दिल्या." मुलाने शब्द पाळला होता. ज्या खाली घातलेल्या मानेला मी कबुली समजलो, ती आईला दिलेल्या वचनाची होती. आणि तरी, खरे सांगतो, त्या बाईंचे ऐकूनही मला पूर्ण पटले नाही. मनात आले, मग पैसे कोणी घेतले?

आठव्या दिवशी भूगोलाच्या तासाला आशियाचा नकाशा उलगडला आणि आतून पाकीट खाली पडले. त्या दिवशी दोन्ही हातांत वह्या होत्या म्हणून मीच ते नकाशाच्या गुंडाळीत खोचले होते. पुढच्या बाकावरच्या मुलांनी काहीतरी पडलेले पाहिले असेल. मी ते उचलून खिशात टाकले आणि मान्सून वारे शिकवायला लागलो.

तास संपल्यावर त्या मुलाला शिक्षकांच्या खोलीत बोलावले. दार लोटून घेतले. म्हणालो, "माझी चूक झाली." तो म्हणाला, "बरं, सर." सहलीला तो आला नाही. दहावी त्याने दुसऱ्या शाळेतून केली. आरोप 46 मुलांसमोर आणि माफी लोटलेल्या दाराआड. याला मी तेव्हा प्रसंग नीट हाताळणे असे नाव दिले होते.

गेल्या वर्षी आपल्या सणाच्या दिवशी, मिस्सेनंतर, मंडपात कोणीतरी हाक मारली, "सर, ओळखलंत का?" केस पिकले होते, बरोबर पत्नी आणि कॉलेजात जाणारी मुलगी होती. मी लगेच ओळखले. तोंडाने "अरे, ओळखलं की!" म्हणत होतो आणि त्याच क्षणी माझी नजर त्याच्या पायांकडे गेली. ती मी नेली नव्हती, गेली. चाळीस वर्षे पट्टी लावून मोजलेली रेषा मला अजून लांब दिसते. त्यानेही माझी नजर पाहिली आणि तो किंचित हसला. मुलीला म्हणाला, "हे आमचे भूगोलाचे सर."

नंतर त्याचा नंबर मिळवून फोन केला आणि हे लिहू का, असे विचारले. त्याचे आईवडील आता हयात नाहीत. थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "लिहा, सर. नाव नको." मग म्हणाला, "ते पाकीट सापडलं होतं हे वर्गाला तुम्ही कधी सांगितलं नाहीत." त्याच्या आवाजात राग नव्हता. तो माहिती देत होता.

त्या वर्गातले काहीजण आज याच धर्मग्रामात राहतात आणि हे पत्रक त्यांच्या घरी जाते. त्यांना मी सांगतो की ते 330 रुपये त्याने घेतले नव्हते. कोणीच घेतले नव्हते. आणि हे मला आठव्या दिवशीच ठाऊक झाले होते.